मालिकांतल्या नवरा-बायकोला हसू का येत नाही?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या काही आठवड्यांत आपल्या वाचकपत्रांच्या सदरात तरुण मुलामुलींविषयी बरीच काळजी व्यक्त झाली आहे. मोबाइल आणि मालिका पाहून आमच्या प्रेमाच्या कल्पना बिघडल्या, घरातल्या माणसांशी आम्ही बोलेनासे झालो आणि विनोदाच्या नावाखाली आम्हांला काहीही चालते, असा त्या पत्रांचा एकंदर सूर होता. ज्या पिढीविषयी हे लिहिले गेले त्या पिढीतली मी एक आहे. माझे वय तेवीस, वाणिज्य शाखेची पदवी घेऊन एका कर सल्लागारांकडे हिशेबाचे काम करते, आणि वडील सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांवर देखरेख करणारे, आहेत. पत्र जरा लांबणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

आम्ही पडद्यावरून शिकतो, हा आरोप मला पूर्ण मान्य आहे. प्रेम कसे करावे हे शिकवणारे दुसरे कोण होते? शाळेत तो विषय नव्हता आणि घरात त्याविषयी बोलण्याची पद्धत नव्हती. माझी तक्रार वेगळीच आहे. रोज संध्याकाळी घरोघरी जो पडदा उजळतो, त्याने प्रेमाची वेळ आणि हसण्याची वेळ वेगळी करून टाकली आहे. आठ वाजता प्रेम, साडेनऊला विनोद. ज्या दोन माणसांचे एकमेकांवर प्रेम आहे ती दोघे एकमेकांच्या बोलण्यावर खळखळून हसताहेत, असे दृश्य रोजच्या मालिकेत मी शेवटचे कधी पाहिले, ते मला आठवत नाही.

मालिका पाहतच नाही, असे म्हणण्याची सोय मला नाही, कारण संध्याकाळी सातपासून आमच्या टीव्हीचा ताबा आजीकडे असतो आणि घर दोन खोल्यांचे आहे. भिंतीपलीकडच्या घरात त्याच वेळी तेलुगू वाहिनी लागलेली असते. शहराच्या पूर्व भागात हे नेहमीचेच आहे; निम्मी गल्ली घरात तेलुगू बोलते, काही घरे कन्नड, काही उर्दू, आणि नळाच्या पाण्यावरून भांडण लागले की सगळेच मराठीवर येतात. दोन्ही घरांतल्या मालिका वेगळ्या, भाषा वेगळी, पण वीज कडाडल्याचा आवाज, सुनेच्या हातून निसटलेले पूजेचे ताट आणि तीन दिशांनी तीनदा दाखवलेला सासूचा चेहरा हे भिंतीच्या अलीकडे आणि पलीकडे जवळजवळ एकाच सुमारास घडते. प्रेमाचेही तेच आहे. तिने सोसायचे, त्याने गैरसमज करून घ्यायचा आणि प्रेक्षकांनी महाएपिसोडची वाट पाहायची.

लेखकांना विनोद जमत नाही, हे याचे कारण नसावे. त्याच वाहिन्यांवर विनोदी कार्यक्रम चालतात आणि त्यांतले कित्येक नट-नट्या उत्तम आहेत. जिल्ह्याजिल्ह्यांतून, एकांकिका स्पर्धांतून वर आलेले आहेत. खरे कारण धंद्याचे आहे, असे मला वाटते. रोजची मालिका आठवड्याला पाच-सहा भाग मागते. जाहिरातींना तासाला बारा मिनिटांची मर्यादा नियमानेच घालून दिलेली असल्यामुळे अर्ध्या तासातली वीस-बावीस मिनिटे तरी गोष्टीने भरावी लागतात, आणि प्रेक्षकसंख्येचे आकडे दर आठवड्याला जाहीर होत असल्याने एखादा आठवडा उतरला की कथानकाची दिशाच बदलावी लागते. इतकी गोष्ट आणायची कुठून? गैरसमजातून. गैरसमज हे मालिकेचे भांडवल आहे आणि ते शाबूत ठेवायचे तर ज्या दोघांत तो झाला आहे त्यांनी एकमेकांशी सरळ बोलता कामा नये. इथे हसणे आड येते. नवरा-बायको एकदा एखाद्या गोष्टीवर मिळून हसले की मनातली अढी सैल होते, अढी सैल झाली की एक जण विचारतो, ‘पण त्या दिवशी तू नेमकी गेली कुठे होतीस?’, दुसरी सांगून टाकते, आणि तीन महिने पुरवायचे कथानक चहा निवायच्या आत संपते. निर्मात्याला हे परवडणार नाही. म्हणून नायक-नायिकेला हसण्याची मनाई असते आणि हसवण्याचे काम विसरभोळ्या काकाकडे किंवा घरगड्याकडे सोपवलेले असते, जणू ज्यांना प्रेम करायचे नाही त्यांनीच विनोद करायचा.

प्रत्यक्ष घरात मी याच्या उलट पाहत आले आहे. माझ्या आई-वडिलांचे लग्न ठरवून झाले. पाहण्याच्या कार्यक्रमात, दोन्हीकडची वडीलधारी माणसे बसलेली असताना, ‘काही विचारायचे असेल तर विचारा’ असे वडिलांना सांगण्यात आले, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले की, ‘कडक भाकरी चालते का?’ आई म्हणाली, ‘दात आहेत तोवर चालेल.’ मुलगी आगाऊ आहे, असे आजोबा परतीच्या वाटेवर म्हणाले; वडिलांनी मात्र एसटीत बसल्या बसल्या होकार सांगून टाकला. हा प्रसंग आमच्याकडे इतक्या वेळा सांगितला गेला आहे की, आता कोणीही तो मध्येच तोडून पुढचे वाक्य बोलतो. मागच्या वर्षी आईची दाढ काढावी लागली, त्या संध्याकाळी वडिलांनी दुधात मऊ भाकरी कुस्करून वाटी तिच्यापुढे ठेवली आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, ‘करार मोडला. आता सोडचिठ्ठी.’ आईला हसायचे होते, पण तोंडात कापसाचा बोळा होता. या दोघांनी एकमेकांना कधी गुलाब दिल्याचे मला ठाऊक नाही आणि त्याची उणीव त्यांना जाणवत असेल, असेही वाटत नाही.

आता याच कुटुंबातली दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर थोरले काका रोज सकाळी बायकोवरचा एक विनोद पाठवतात. लग्न म्हणजे जन्मठेप, बायको माहेरी गेली की दिवाळी, असे ते विनोद असतात. काकांनी ते रचलेले नसतात आणि खरे म्हणजे काकूंविषयीही ते नसतात. कुठल्या तरी अनोळखी नवऱ्याने कुठल्या तरी अनोळखी बायकोवर केलेली ती टीका हातोहात फिरत आमच्यापर्यंत येते. काकू त्यावर एक हसरा चेहरा टाकतात आणि दुपारी काकांच्या ताटात शेंगा चटणी वाढायला विसरतात. सोलापूरच्या माणसाला ही शिक्षा केवढी मोठी आहे, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. काकूंचे हे विसरणे मला काकांच्या सगळ्या विनोदांपेक्षा सरस वाटते, कारण ते या घरातले आणि याच नवऱ्याच्या मापाचे असते. टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांतही मला खटकते ते हेच. साडी नेसलेला पुरुष, जाड बाई, सावळी मुलगी आणि कजाग बायको यांच्यावर वर्षानुवर्षे हसून झाल्यावरही तेच पुन्हा मांडले जाते, मध्ये हशाचा आवाज मिसळला जातो, आणि ज्याच्यावर हसायचे त्याच्याविषयी प्रेम वाटावे, अशी कोणाची अपेक्षाच नसते.

ही फारकत आपल्याकडे पूर्वापार असती तर मी हे पत्र लिहिलेच नसते. तमाशात गणानंतर गवळण येते. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांची वाट अडवणारा कृष्ण, त्याचा पेंद्या आणि पुरुषाने रंगवलेली मावशी यांच्या त्या एका प्रवेशात भक्ती, शृंगार आणि थट्टा यांना वेगवेगळ्या वेळा नेमून दिलेल्या नसतात. मावशी कृष्णाची टर उडवते म्हणून त्याची ओढ कमी होत नाही, उलट वाढते. पेशवाईच्या उत्तरकाळात लावणी गाजवणारे आणि पुढे कीर्तनाकडे वळलेले शाहीर राम जोशी याच सोलापूरचे. लग्नात घेतला जाणारा उखाणा तरी दुसरे काय आहे? दार अडवून धरलेल्या नणंदांसमोर, भरल्या मांडवात, ज्याचे नाव तोंडातून काढायचे नाही त्याचे नाव यमकात गुंफून सांगायचे, आणि सगळे हसताहेत तोवर मनातले बोलून मोकळे व्हायचे. टीव्हीलाही हे एके काळी जमत होते. दूरदर्शनवर चिं. वि. जोशींचा चिमणराव आला तेव्हा त्याच्याबरोबर काऊही आली, आणि आजी सांगते की, त्या नवरा-बायकोच्या कुरबुरीवर हसायला शेजारपाजारची माणसे टीव्ही असलेल्या घरात दाटीवाटीने बसत. आजीच्या आठवणींतला थोडा भाग वजा करावा लागतो, पण चिमणराव आणि काऊ यांच्या बाबतीत तिचे म्हणणे मला पटते.

पडदा आणि प्रेम हा विषय निघाला की, सोलापूरकराला डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवलेच पाहिजेत. भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकात आम्हांला शाळेतून नेले होते. १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेलेला हा तरुण डॉक्टर तिथली भाषा शिकला, १९४१ साली ग्वो चिंगलान या चिनी परिचारिकेशी त्याने लग्न केले, त्यांना मुलगा झाला आणि डिसेंबर १९४२ मध्ये, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, डॉक्टर गेले. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांच्यावर हिंदी चित्रपट काढला, त्यात डॉक्टरांची भूमिका स्वतः केली आणि नायिकेची जयश्रीबाईंनी. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या देशाला त्यागाची गोष्ट हवी होती, तेव्हा त्या चित्रपटाने त्यागावर भर दिला यात गैर काही नाही. मला मात्र तेव्हापासून वेगळेच कुतूहल आहे. सोलापुरात वाढलेला मुलगा आणि उत्तर चीनमधली मुलगी, भोवती युद्ध पेटलेले, बोलण्याची भाषा एकाला नवी. अशा दोघांत पहिला विनोद कशावरून झाला असेल? जेवणावरून झाला असावा, असा माझा अंदाज आहे. इतक्या परक्या मुलखात संसार मांडणारी दोन माणसे एकमेकांच्या उच्चारांवर, खाण्याच्या सवयींवर हसली नसतील, हे मानायला माझे मन तयार होत नाही.

दुसरा चित्रपट आमच्या पिढीचा, आणि आमच्याच जिल्ह्यातला. २०१६ साली ‘सैराट’ आला तेव्हा मी शाळेत होते. दिग्दर्शक करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, नायिका अकलूजची, आणि तिला त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला. त्या चित्रपटाने मुले बिघडली, असे तेव्हाही आपल्यासारख्या वृत्तपत्रांतून लिहिले गेले होते. आम्हांला काय आवडले होते, ते मी सांगू शकते. तिथली पोरे आमच्यासारखी बोलत होती, प्रेमात पडलेल्या मित्राची रेवडी उडवत होती आणि तरीही त्याच्यासाठी धावत होती. नायिका बुलेट चालवत होती आणि आधी तीच बोलत होती. मुलीने आधी बोलणे यात सोलापूरला धक्का बसावा असे खरे तर काही नव्हते, कारण दर संक्रांतीला आपण सगळे संमती कट्ट्यासमोर ज्या लग्नाच्या अक्षता टाकतो, त्याच्या कथेतही मागणी कुंभारकन्येनेच घातलेली आहे. आपले ग्रामदैवत सिद्धरामेश्वर योगी, म्हणून लग्न त्यांच्या योगदंडाशी लागते. ‘सैराट’चा शेवट मात्र आम्ही थिएटरात सुन्न होऊन पाहिला. पूर्वार्धात इतके हसलो नसतो तर तो शेवट एवढा लागला नसता, हे मला पुढे बऱ्याच काळाने उमगले. त्या शेवटासारख्या बातम्या आजही आपल्या पहिल्या पानावर येतात. सज्ञान झालेल्या दोघांनी लग्न ठरवले तर त्याला कुटुंबाची, जातीची किंवा पंचायतीची संमती लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये नि:संदिग्धपणे सांगितले, पण न्यायालयाचा निकाल जेवणाच्या पाटापर्यंत पोहोचायला वेळ लागतो.

हा मजकूर मी ऐकीव माहितीवर लिहीत नाही. मलाही एक मुलगा आवडतो, आणि ते इथे लिहिण्याचे धाडस करते आहे ते घरात कळलेले असल्यामुळेच. तो पद्मशाली समाजातला, घरी तेलुगू बोलणारा, पण बाहेर माझ्यापेक्षा अस्सल सोलापुरी मराठी बोलणारा. दर दोन वाक्यांमागे ‘बे’ आल्याशिवाय त्याचे बोलणे पूर्ण होत नाही, आणि आजीशी बोलताना ते ‘बे’ गिळण्याची त्याची जी धडपड चालते ती पाहण्यासारखी असते. घरी सांगितले तेव्हा वीज कडाडली नाही, कोणी छातीला हात लावून खाली बसले नाही आणि कोणी कोणाच्या तोंडात मारली नाही. आई स्वयंपाकघरात गेली. वडिलांनी टीव्हीचा आवाज कमी केला, नंतर पुन्हा वाढवला, आणि पुढचे कित्येक दिवस ते माझ्याशी कामापुरतेच बोलले. ते दिवस सोपे नव्हते. आमच्या घरात कोणी न बोलणे ही मोठीच घटना असते. मग एका रात्री जेवताना, ताटातून मान वर न करता, वडील म्हणाले, ‘त्या पोराला सांगून ठेव. टॉवेल-टोपीचा आहेर करायची वेळ आली तर टॉवेल आपल्या कारखान्यातला. बाहेरून आणलेला चालणार नाही.’ आजीने विचारले, ‘आणि टोपी?’ वडील म्हणाले, ‘ती तो मला घालतोच आहे.’

सगळे मिटले असे यावरून समजू नये. लग्नाचे अजून ठरलेले नाही, त्याच्या घरी बोलणे व्हायचे आहे, आणि आमच्या काही नातेवाइकांनी येणे-जाणे कमी केले आहे. पण त्या रात्री वडिलांनी होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. त्यांनी थट्टा केली आणि तिच्यात त्या मुलाला जागा करून दिली. रोजच्या मालिकांतले वडील एक तर ‘माझ्यासाठी तू मेलीस’ म्हणतात किंवा शेवटच्या भागात रडून मिठी मारतात. या दोन टोकांच्या मधले, घास तोंडात असताना बोलले जाणारे जे काही असते, ते मला कोणत्याच वाहिनीवर दिसत नाही, आणि बहुतेक घरांतले निर्णय तर तिथेच होतात.

मोबाइलविषयी थोडेच लिहिते. दोन खोल्यांच्या घरात सहा माणसे राहतात तेव्हा कानात हेडफोन घालून बसलेली मुलगी घरापासून तुटली आहे, असे लगेच समजू नये. दार लावून एकटीने बसायला वेगळी खोलीच नसते. आणि एकट्याने पाहिलेले एकट्यापाशीच राहते, असेही नाही. मी आतल्या खोलीतून पाठवलेली रील पाहून आई बाहेर हसते, तेव्हा ते मला ऐकू येते.

आपल्याकडे एक विनंती आहे. आपल्या मनोरंजन पुरवणीत मालिकांविषयी जे छापले जाते त्यात नायिकेची पैठणी, नायकाची नवी गाडी आणि येत्या आठवड्यात येणारे वळण एवढेच असते. नाटकाचे आणि चित्रपटाचे जसे परीक्षण येते तसे महिन्यातून एकदा तरी एखाद्या मालिकेचे यावे: संवाद कसे आहेत, माणसे माणसांसारखी बोलतात का, विनोद कोणाच्या जिवावर केला आहे, हे कोणीतरी नाव घेऊन लिहावे. वाहिन्यांचे कार्यालय मुंबईत असले तरी त्यांचे प्रेक्षक इथे आहेत, आणि आठवड्याच्या आकड्यांखेरीज आमच्याकडून त्यांना दुसरे काही कळण्याची सोय आज नाही. त्याच पानावर, राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत, हुतात्मा स्मृती मंदिरात होणाऱ्या प्रयोगांची दखलही दोन ओळींपेक्षा अधिक घ्यावी. घरगुती बोलणे लिहू शकणारी माणसे मला तिथे दिसली आहेत आणि त्यांतली बरीच दिवसा नोकऱ्या करतात.

मालिकांचे परीक्षण लिहायला कोणी तयार होणार नाही, अशी अडचण आली तर आमची आजी तयार आहे. तिने एकही मालिका अर्धवट सोडलेली नाही, तिची मते ठाम आहेत आणि मानधनाची अपेक्षा नाही. तिला लिहिता येत नाही, पण ती सांगेल तसे मी उतरवून देईन. फक्त सात ते दहा या वेळेत तिला फोन करू नये.

आपली विश्वासू,
पूर्व भागातील एक वाचक,
सोलापूर